सेमुक चाम्पेला निघालेल्या मराठी मंडळींना आणि त्यांच्या सहल समित्यांना खुलं पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीचे बेत ठरायला लागलेत. अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर ग्वाटेमालाची पत्रकं फिरताहेत: आन्तिग्वा, आतित्लानचं सरोवर, तिकालचे पिरॅमिड, आणि मधे कुठेतरी कोंबलेलं सेमुक चाम्पे. त्यापुढे लिहिलेलं असतं, ‘घनदाट जंगलातला अस्पर्श स्वर्ग, नैसर्गिक स्विमिंग पूल, अर्धा दिवस’. जाऊन आलेल्यांच्या तक्रारीही ठरलेल्या. रस्ता भयंकर, जेवणाचे हाल, आत जायचं तिकीट वेगळं, गुहेचं वेगळं, गार्ड सारखा शिट्टी मारतो. आणि शेवटी हमखास येणारं वाक्य: ‘सरकारने जरा लक्ष घातलं तर ही जागा कुठल्या कुठे जाईल!’

हे पत्र त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला घेतलंय. सरकारने लक्ष घातलं की काय होतं, हे त्या खोऱ्यातली माणसं दीडशे वर्षं बघत आलीत. आपण तिथे जाणार, त्यांच्या दारातून आत शिरणार, त्यांच्या हातचं खाणार, तर एवढं माहीत असलेलं बरं.

आधी त्या ‘अर्ध्या दिवसा’चा निकाल लावू. सेमुक चाम्पे आल्ता वेरापास प्रांतात, लान्किन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर. आन्तिग्वाहून लान्किनला शटल व्हॅनने आठ ते दहा तास लागतात. तिकालच्या बाजूने, म्हणजे फ्लोरेसहून आलात तरी तेवढेच. लान्किनहून पुढे पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात उभं राहून, लोखंडी दांड्याला धरून, चढउतारांवरून अर्धापाऊण तास. हे सगळं करून पाण्यात दीड तास घालवायचा आणि परत व्हॅनमध्ये बसायचं, याला सहल म्हणत असाल तर म्हणा. मी त्याला हमाली म्हणते.

आता जागेविषयी. काआबोन नदी एका अरुंद घळीतून येते आणि वाटेत आडव्या आलेल्या चुनखडीच्या पुलाखाली घुसते. घुसते म्हणजे कोसळते. त्या तोंडापाशी उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आत गेलेली नदी सुमारे 300 मीटर पुढे, पुलाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. ज्यांचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो ती हिरवी-निळी तळी या पुलाच्या पाठीवर, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली आहेत. त्यांत नदीचं पाणी नाही. आपल्यातल्या निम्म्या प्रवासवर्णनांत ‘नदीच्या पाण्याची कुंडं’ असं येतं, ते चूक आहे. हे पाणी बाजूच्या डोंगरांतून झिरपून येणाऱ्या झऱ्यांचं. खाली गढूळ नदी गर्जत असते आणि वर हे पाणी निवांत एका तळ्यातून दुसऱ्यात सांडत असतं.

तळी झाली कशी, तर पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडीतून जाताना चुना विरघळवत नेतं. उघड्यावर आलं, उथळ होऊन खळाळलं, की तो वायू उडून जातो आणि चुना पाण्यात टिकत नाही. तो बसतो, आणि जास्त बसतो तो पाणी सांडतं तिथे, म्हणजे काठावर. काठ वाढतो, मागे पाणी तुंबतं, तुंबलेलं पुन्हा काठावरूनच सांडतं. शेवाळ त्याला धरून ठेवायला मदत करतं. अशा तऱ्हेने पाण्याने स्वतःला बांध घातलेत आणि ते काम अजून चालू आहे. एखाद्या काठाशी बसा आणि हात फिरवून बघा. वरून बुळबुळीत लागतं, त्याखाली खरखरीत, भोकाभोकांचं. अडकलेली एखादी काडी नीट पाहिलीत तर तिच्यावर चुन्याचं पातळ साल चढलेलं दिसेल. टोकाची ताजी कड बोटाने दाबली तरी मोडते, मग बुटातल्या ऐंशी किलोच्या माणसाने तिच्यावर उभं राहून उडी मारली तर काय होत असेल?

गार्डची शिट्टी यासाठी असते. शिवाय नदी जिथे पुलाखाली जाते त्या तोंडाकडे माणसं सेल्फीसाठी सरकतात, त्यासाठीही असते. तिथे पाय घसरला तर पोहता येणं-न येणं याला काही अर्थ उरत नाही. शिट्टीचा राग कृपया सोडा.

पावसाळ्याचंही सांगून ठेवते. तिकडे पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. जोराचा पाऊस झाला की तळी गढूळ होतात, फोटोतला रंग दिसत नाही, आणि मग ‘फसवलं’ म्हणून लोक एक तारा देऊन मोकळे होतात. डोंगराखाली राहणाऱ्या पाण्याने आपल्या रजेच्या तारखा पाळाव्यात, ही अपेक्षा कुठून येते?

बरं, आता ‘अस्पर्श’.

या डोंगरांत राहतात ते केक्ची. माया लोकांतला हा एक मोठा समाज, ग्वाटेमालात त्यांची संख्या दहा लाखांच्या वर. त्यांच्या श्रद्धेत डोंगराचा आणि दरीचा मिळून एक धनी असतो, त्सूलताका. जमीन, पाऊस, जनावरं, सगळं त्याचं. मका पेरण्याआधी त्याची परवानगी मागतात, कोपालचा धूप जाळतात, मेणबत्त्या लावतात. त्याचं राहणं गुहांमध्ये. लान्किनच्या मोठ्या गुहेत आजही पूजा होतात आणि संध्याकाळी त्याच गुहेच्या तोंडातून वटवाघळांचा लोट बाहेर पडतो, तो पाहायला आपण तिकीट काढून उभे असतो. सेमुकशेजारच्या कान्बा गुहेत हातात मेणबत्ती घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून नेतात. आपल्या दृष्टीने ते ‘ॲडव्हेंचर’. आत आरडाओरडा करून प्रतिध्वनी ऐकत बसू नका, एवढीच माझी विनंती. (आणि गुडघेदुखीवाल्यांनी, लहान मुलं असलेल्यांनी, पाऊस चालू असताना कोणीच, त्या गुहेत जाऊ नये. तिथे उगाच शौर्य नको.)

हा मुलूख रिकामा कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने कॉफीसाठी ‘लक्ष घातलं’. सामाईक जमिनी खासगी मालकीत गेल्या, आल्ता वेरापासमध्ये जर्मन मळेवाले आले, आणि 1877 च्या मजूर कायद्याने गावच्या गावं मळ्यांवर राबायला बांधली गेली. कालपर्यंत ज्या डोंगरावर आपला मका होता, त्याच डोंगरावर माणूस दुसऱ्याचा कूळ झाला. पुढे 1960 ते 1996 असं 36 वर्षं यादवी युद्ध चाललं. याच प्रांतात पान्सोस नावाचं गाव आहे. 29 मे 1978 ला तिथल्या चौकात केक्ची माणसं जमिनीचे हक्क मागायला जमली होती. सैन्याने गोळीबार केला. युद्धानंतरच्या सत्यशोधन आयोगाने मृतांचा आकडा 53 दिला. मोर्चाच्या पुढे एक आजी होती, ममा माकीन म्हणून तिला ओळखतात. तीही गेली.

या सगळ्यानंतर सेमुक चाम्पे ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून जाहीर झालं. 2005 मध्ये त्याचा कायदा झाला आणि ताबा कोनापकडे, म्हणजे संरक्षित क्षेत्रांच्या राष्ट्रीय परिषदेकडे. हेतू वाईट नव्हता. संरक्षण नसतं तर पुलाच्या पाठीवर आज हॉटेल उभं असतं, याची मला खात्री आहे. पण आजूबाजूच्या गावांच्या दृष्टीने चित्र असं होतं की आपल्या डोंगराला दार लागलं, दारावर गल्ला बसला आणि गल्ल्यातला पैसा राजधानीकडे निघाला. गावात धड पाणी नाही, दवाखाना नाही, शाळा कशीबशी. 2016 मध्ये हे फुटलं. गावकऱ्यांनी जागेचा ताबा घेतला, सरकारी कर्मचाऱ्यांना बाहेर काढलं, पोलीस आले, झटापटी झाल्या, जागा बंद राहिली.

तो प्रकार साजरा नव्हता आणि मी तो साजरा करून सांगणार नाही. बाहेर काढलेल्यांतही साधे पगारदार होते, पर्यटक थांबल्यावर पहिली उपासमार पिकअपवाल्यांची आणि चुलीवाल्या बायकांची झाली, आणि गावागावांतही एकमत नव्हतंच. पण त्यांची मागणी अवाजवी होती असं मला वाटत नाही. आमच्या जमिनीचा हक्क द्या, कारभारात आम्हाला घ्या, उत्पन्नातला वाटा इथेच राहू द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्कासाठी किती वर्षं घासली, हे ज्यांनी वाचलंय त्यांना यात नवं काहीच वाटणार नाही. आणि ज्या बातमीवर आपल्या ग्रुपमध्ये ‘तिकडे लोकल गुंडांनी कब्जा केलाय’ अशी मल्लिनाथी झाली, ती बातमी हीच.

नदीचंही ऐका. सेमुकच्या वरच्या अंगाला, सान पेद्रो कार्चाच्या भागात, एका जलविद्युत साखळीने काआबोनचं पाणी कित्येक किलोमीटर वळवून नेलंय. खालच्या अंगाला सांता मारिया काआबोनमध्ये ओशेक जलविद्युत प्रकल्प. तिथल्या गावांनी 2017 मध्ये स्वतःचं सार्वमत घेतलं. विरोधात 26 हजारांहून जास्त मतं पडली, बाजूने फक्त 11. लढ्याच्या पुढे असलेले शिक्षक बेर्नार्दो काल शोल यांना जानेवारी 2018 मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना विचारकैदी, म्हणजे गुन्ह्यासाठी नव्हे तर विचारांसाठी डांबलेला माणूस, ठरवलं. चार वर्षांहून अधिक काळ आत काढून मार्च 2022 मध्ये ते सुटले. ज्या नदीच्या पुलावर आपण रील करतो तिच्यासाठी एक माणूस इतकी वर्षं तुरुंगात होता, आणि हे सांगणारी एक ओळ मला आजवर कुठल्या सहलीच्या पत्रकात दिसलेली नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही चार दिवस फिरायला जातोय, आमचा या सगळ्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे. लान्किनहून निघालेला पिकअप वळणं घेत उतरतो तेव्हा उताराच्या बाजूला हळदीच्या पानांसारखी उंच, रुंद पानं दाटीने दिसतात. बरोबरच्यांना वाटतं रानटी झाडी. ती वेलची असते. मूळची आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने भारतातून कोबानच्या, म्हणजे आल्ता वेरापासच्या मुख्य शहराच्या, परिसरात नेलेली. तिथल्या धुक्याला आणि सावलीला ती अशी मानवली की गेली काही दशकं जगातला सर्वात मोठा वेलची निर्यातदार ग्वाटेमाला आहे, आणि त्यातला मोठा वाटा आल्ता वेरापासचा. बहुतेक माल अरबी देशांत कहव्यासाठी जातो. केरळच्या वेलची उत्पादकांना ‘ग्वाटेमाला’ हे नाव विचारून बघा, त्यांच्या कपाळावर आठी पडेल.

पिकवणारे बहुतेक छोटे केक्ची शेतकरी. ते स्वतः वेलची फारशी खात नाहीत. बोंडं झाडाच्या बुडाशी, मातीलगत लागतात, म्हणून तोडणी वाकून, चिखलात. चार-पाच किलो ओल्या बोंडांची वाळून जेमतेम किलोभर वेलची होते, आणि हिरवा रंग टिकवायचा तर ती लगेच भट्टीवर वाळवावी लागते. भट्टी लाकडावर चालते, लाकूड जंगलातून येतं. भाव मात्र ठरतो दूर कुठेतरी, आणि गावात येतो तो दलालाच्या तोंडून. एका वर्षी चढा, पुढच्या वर्षी निम्मा. भाव पडला की घरातला तरुण उत्तरेची वाट धरतो. ह्यूस्टनमध्ये आपल्या घरांच्या छपरांवर दुपारी दोनच्या उन्हात शिंगल ठोकणाऱ्यांत ग्वाटेमालाचे लोक असतात. आपण त्यांना सरसकट ‘मेक्सिकन’ म्हणतो.

तर आता सहल समित्यांना माझं म्हणणं.

लान्किनला निदान दोन रात्री धरा. एक दिवस पूर्ण सेमुकला: सकाळी लवकर आत, आधी माथ्यावरच्या सज्जाची चढण. चढण खडी आहे, लाकडी पायऱ्या ओल्या असतात, अर्धापाऊण तास दम काढते, पण पूल, तळी आणि दोन्ही बाजूंचं जंगल एका नजरेत तिथूनच येतं, आणि घामाघूम उतरल्यावर पाण्याची किंमत कळते. मग पाण्यात. पायांना बारीक मासे चावतील, किंचाळू नका, ते मेलेली कातडी खातात. पाण्यात उतरण्याआधी अंगाला सनस्क्रीन थापू नका, पूर्ण बाह्यांचा स्विमिंग शर्ट घाला. ती तेलकट तवंगाची इंद्रधनुषी साय मी त्या पाण्यावर पाहिली आहे. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर जिथून बाकीचे उतरताहेत तिथूनच, बसून, घसरत.

गावातला वाटाड्या घ्या. परदेशी माणसाला आत जायचे सुमारे 50 केत्साल पडतात, म्हणजे साडेसहा डॉलर. त्यावर घासाघीस करणारे आपले एक काका मी याच डोळ्यांनी पाहिलेत. आन्तिग्वातल्या कॉफीला ते तेवढेच मोजून आले होते! रोख पैसे सुटे करून न्या.

जेवणाचं. दारापाशी बायका चुली मांडून असतात. कोंबडी भाजलेली असते, आणि बघता बघता हातावर थापलेल्या मक्याच्या गरम तोर्तिया. शाकाहारी माणूस उपाशी मरतो हे खोटं आहे. काळा घेवडा, भात, अंडी, तळलेली राजेळी केळी, टोमॅटोचं चिर्मोल, सगळं मिळतं. फक्त ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून थांबू नका, कारण कोंबडी म्हणजे मांस हे तिकडे सर्वांना मान्य नाही. ‘सिन पोयो’ वेगळं सांगा. घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला नाही ना, तेही विचारा, ‘सिन मान्तेका’. थेपल्यांची चळत घेऊन जायला हरकत नाही, पण एक जेवण तरी तिथल्या चुलीवरचं घ्या. चुलीपाशी बसलेल्या आजींना कदाचित स्पॅनिशही येत नसेल, त्यांना ‘बान्तिओश’ म्हणा. म्हणजे धन्यवाद.

चॉकलेट विकणारी लहान पोरं मागे लागतील. घरी भाजून वाटलेल्या कोकोच्या चकत्या असतात, चांगल्या लागतात. शाळेच्या वेळात विकणाऱ्या मुलाकडून मी घेत नाही, जवळ आई किंवा मोठी बहीण असते तिच्याकडून घेते. हे बरोबर की चूक याबद्दल आमच्या घरातच दोन मतं आहेत. मुलांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

आणि ते ‘विकास करायला हवा’ प्रकरण. रोपवे, काचेचा पूल, तळ्यांच्या कडेने काँक्रीटचा कट्टा, हे सगळं मी आपल्या लोकांच्या कॉमेंटमध्ये वाचलंय. लोणावळ्यापासून महाबळेश्वरपर्यंत आपण काय करून ठेवलंय ते पाहिलेल्या माणसाने तरी दुसऱ्याच्या डोंगराला हा सल्ला देऊ नये. रस्ता सुधारावा असं मलाही वाटतं, पण लान्किनच्या बाळंतिणीला कोबानच्या इस्पितळात वेळेत पोचता यावं म्हणून. आपल्या कमरेसाठी नव्हे.

येत्या सहलीचं पत्रक अजून छापलं नसेल, तर त्यातून ‘अस्पर्श’ आणि ‘अर्धा दिवस’ हे शब्द काढा आणि एका ओळीत केक्ची लोकांचं नाव घाला. छापून झालं असेल तर निदान गाडीत माईक हातात असतो तेव्हा, अंताक्षरी सुरू होण्याआधी, दहा मिनिटं हे सांगा. मजकूर तयार करून हवा असेल तर मी देईन, स्पॅनिशमधल्या जुजबी वाक्यांच्या यादीसकट. आणि तुमच्यापैकी कोणी यंदा जाऊन आलात, तर गेटावर सध्या कोण बसतं, तिकिटाची पावती कोणाच्या नावाने मिळते आणि त्यातलं गावाकडे किती जातं असं तिथली माणसं सांगतात, हे विचारून मला जरूर कळवा. मला त्याची नोंद ठेवायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ह्यूस्टनची एक सहप्रवासी